शिवणकामाचे प्रश्न : एका सुताचा फरक

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी मापाचीच आहेत. कुणाची दुमड वाकडी, कुणाचा ब्लाउज घट्ट, कुणाची झालर लांब. उत्तरांत 'सूत' हा शब्द वारंवार येईल. एक सूत म्हणजे १/८ इंच, साधारण ३ मिलिमीटर.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचा घेर खालून दुमडताना दर वेळी टेपने मोजते. तरी घातल्यावर कड कुठे वर, कुठे खाली दिसते. (दापोली)

चूक तुमच्या हाताची नाही, टेपची आहे. टेप लवचीक असतो. कापडाबरोबर तोही वळतो, आणि त्याच्या टोकाची धातूची पट्टी जुनी झाली की किंचित हलते. शिवाय प्रत्येक ठिकाणी तुम्ही आकडा नव्याने वाचता. वीस ठिकाणी वाचला की वीस वेळा थोडा थोडा फरक पडतो.

या कामाला सीम गेज घ्या. ही ६ इंचांची कडक पट्टी असते, मधोमध लांब खाच आणि त्या खाचेत पुढेमागे सरकणारा प्लास्टिकचा तुकडा. त्या तुकड्याला दोन्ही बाजूंना कान असतात. माप एकदाच लावायचं. पुढे आकड्याकडे बघायचं नाही, कापडाची कड कानाला टेकते का एवढंच बघायचं. मात्र कानाला वरची आणि खालची अशा दोन कडा असतात. माप लावताना जी कड धरली, कापड टेकवतानाही तीच धरा. नाहीतर दीड-दोन सुतांचा घोळ इथेच होतो.

आता दुमड. आधी कापलेली कड सरळ करून घ्या. गेज अर्ध्या इंचावर लावून पहिली दुमड घाला आणि इस्त्रीने दाबा. मग गेज अडीच इंचांवर लावा. मुलगी वाढती असली की एवढी दुमड ठेवणं शहाणपणाचं, पुढच्या जूनमध्ये उसवून लांबी मिळते. दुसरी दुमड घालून पट्टीचं टोक खालच्या घडीला टेकवा, कान वरच्या कडेला टेकला पाहिजे. दर २ इंचांवर हे बघा, आणि जिथे उभी शिवण येते तिथे नक्की बघा, कारण तिथे जाडीमुळे कापड फुगून दुमड कमी भरते. टाचण्या कडेला समांतर नाही, तिच्याशी काटकोनात लावा.

दोन गोष्टी सांभाळा. पट्टी घडीशी काटकोनात असली पाहिजे. तिरकी धरली की माप जास्त दाखवते आणि दुमड अरुंद होते. आणि मोजायचं नेहमी तयार घडीपासून, कापलेल्या कडेपासून कधीच नाही. इस्त्री करताना पट्टी कपड्यात विसरू नका. पट्टी तापून हाताला चटका बसतो आणि प्लास्टिकचा तुकडा वितळतो.

हे सगळं सरळ घेराचं झालं. छत्रीसारखा घेर असेल तर अडीच इंच दुमडूच नका. दुमडून वर आलेली कड जिथे बसवायची त्या जागेपेक्षा मोठी असते, ती चुण्या पाडल्याशिवाय बसत नाही. अर्धा इंच पुरे. आणि असा फ्रॉक दुमडण्याआधी एक दिवस टांगून ठेवा. कापडाचा तिरपा भाग स्वतःच्या वजनाने उतरतो. तो उतरू द्यायचा, मग जमिनीपासून मोजून कड सारखी कापायची.

प्रश्न : आमच्या बाजारात सीम गेज मिळत नाही. शाळेची फूटपट्टी चालेल का? (गुहागर)

मोजायला चालेल, टेकवायला नाही. शाळेच्या बहुतेक पट्ट्यांवर शून्य अगदी टोकाला नसतं, आधी थोडी कोरी जागा असते. टोक घडीला टेकवलं की तेवढी चूक प्रत्येक मापात शिरते.

त्यापेक्षा जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड पुठ्ठ्याची. तिची दीड इंच रुंद पट्टी कापा. फूटपट्टीच्या शून्याऐवजी १ या आकड्यापासून पुढे मोजून माप उतरवा, म्हणजे कोऱ्या जागेचा प्रश्नच येत नाही. जिथे माप येतं तिथे बाजूला छोटी खाच पाडा. पाव, अर्धा, एक आणि अडीच इंच अशा चार वेगळ्या पट्ट्या करा आणि प्रत्येकीवर ठळक आकडा लिहा. एकाच पट्टीवर चार खाचा पाडल्या की घाईत भलतीच धरली जाते. पावसाळ्यात पुठ्ठा सादळून मऊ पडतो, म्हणून जुन्या फायलीचं जाड प्लास्टिक मिळालं तर तेच वापरा. खरं सांगायचं तर एकाच मापाचं भरपूर काम असेल तेव्हा ही पट्टी विकतच्या गेजपेक्षा बरी, कारण हिच्यात सरकण्यासारखं काही नाही.

प्रश्न : प्रिन्सेस कट (पुढे-मागे उभ्या शिवणींचा) ब्लाउज मापाने कापते, तरी शिवून झाल्यावर छातीत घट्ट होतो. दाब (टिपेबाहेर सोडलेलं कापड) अर्धा इंच ठेवते. (कणकवली)

कापताना अर्धा इंच ठेवता, पण मशीनवर टीप मारताना तेवढाच जातो का? शिवणी मोजा : पुढच्या दोन, मागच्या दोन, बगलेखालच्या दोन, एकूण सहा. टीप एक सूत आत गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचं मिळून पाव इंच कापड जातं. सहा शिवणींत दीड इंच. कापणं बरोबर असूनही ब्लाउज घट्ट होतो तो असा.

आधी तपासून घ्या. बरोबर २ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून अर्ध्या इंचाचा दाब धरून एकमेकींना जोडा. शिवणी इस्त्रीने सपाट करून मधली पट्टी गेजने मोजा. ती १ इंच भरली पाहिजे. पाऊण इंचच भरली, तर तुमची टीप एक सूत आत जाते आहे.

मग मशीनवर खूण करा. मशीनचा पाय (सुईपाशी कापड दाबून धरणारा) वर उचला, गेज सुईखाली आडवं ठेवा आणि हाताने चाक फिरवून सुई हळूच खाली आणा. तिचं टोक बरोबर अर्ध्या इंचाच्या रेघेवर आलं पाहिजे. पट्टीचं टोक उजवीकडे जिथे संपतं तिथे कागदी चिकटपट्टी सरळ लावा. एकावर एक पाच-सहा थर लावले की छोटा कठडा तयार होतो आणि कापड त्याला घासत सरळ जातं. शिवताना नजर सुईवर नको, या कठड्यावर ठेवा. जुन्या काळ्या मशीनवर सुईच्या उजवीकडे बहुधा स्क्रूचं भोक असतं. ते कापडाचा गाइड बसवायलाच दिलेलं आहे, गाइड मिळाला तर चिकटपट्टीची गरज नाही.

'पायाची कड म्हणजे पाव इंच' असं सर्रास म्हटलं जातं. त्यावर विसंबू नका. पाय बदलला की ते अंतरही बदलतं.

प्रश्न : गणपतीच्या मखराला ६० इंचांची प्लेट्सची झालर करायची आहे. कापड किती लागेल? मागच्या वर्षी झालर लांब झाली होती. (मालवण)

एक इंच दिसणाऱ्या प्लेटला ३ इंच कापड लागतं, १ वरचं आणि २ आत दुमडलेलं. साठ प्लेट्सना १८० इंच, म्हणजे ५ वार. दोन्ही टोकांच्या दुमडीला आणखी २-३ इंच धरा. जोड द्यावा लागला तर तो प्लेटच्या आतल्या घडीत लपवा.

झालर लांब होते ती चुका साठत गेल्यामुळे. प्रत्येक प्लेट फक्त एक सूत जास्त दिसली, तरी साठ प्लेट्समध्ये साडेसात इंच वाढतात. म्हणून एका खुणेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं गेजने मोजत जाऊ नका. आधी कापड सपाट पसरून टेपने एका दमात ३, ६, ९, १२ अशा खुणा करा. मग गेज २ इंचांवर लावून प्रत्येक खुणेपासून उजवीकडे दुसऱ्या रंगाच्या खडूने खूण करा. पहिल्या रंगाच्या रेघेवर घडी घालून ती दुसऱ्या रंगाच्या रेघेवर आणून ठेवायची. बारा प्लेट्स झाल्या की टेप लावा. नेमके १२ इंच भरले नाहीत तर तिथेच उसवा, पुढे जाऊ नका. गेजचा तुकडा सैल असेल तर आठ-दहा खुणांनंतर माप सरकलं नाही ना, तेही बघा.

प्रश्न : गेजवर गंज येतो, पांढऱ्या कापडाला डाग पडले. (अलिबाग)

खाऱ्या हवेत हे व्हायचंच. काम झालं की पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फिरवा आणि लगेच दुसऱ्या फडक्याने पूर्ण टिपून घ्या, नाहीतर गंजाऐवजी तेलाचा डाग पडेल. खाचेच्या आतली कड पुसायची राहून जाते आणि गंज तिथूनच धरतो. नवी घेताना छापलेल्या आकड्यांपेक्षा खोदलेल्या आकड्यांची घ्या. टाचण्याही कपड्यात रात्रभर ठेवू नका. पांढऱ्या सुती कापडावरच्या डागाला लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. रंगीत कापडावर हे करू नका, रंग उडतो.