आजीसाठी मोबाइलवरून फोटो छापणारा छोटा प्रिंटर घ्यावा का?

गावी राहणाऱ्या आजीला फोनच्या पडद्यावरचे फोटो नीट दिसत नाहीत, म्हणून भेटीच्या वेळी जागेवरच फोटो छापून तिच्या हातात देण्यासाठी खिशात मावणारा प्रिंटर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी असा एक प्रिंटर दोन वर्षे वापरला आहे. माझे मत असे की जरूर घ्यावा. मात्र यंत्राचा रंगरूप आणि किंमत पाहण्याआधी ते कोणत्या कागदावर छापते ते पाहावे, कारण आजीच्या हातात शेवटी कागदच राहणार आहे.

माझा प्रिंटर ‘झिंक’ कागदाचा होता. यात शाई नसतेच. कागदातच पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगांच्या स्फटिकांचे तीन थर असतात, जे आधी रंगहीन असतात आणि उष्णता मिळाली की रंग धरतात. वरच्या पिवळ्या थराला जास्त उष्णता पण क्षणभर, तर तळाच्या निळसर थराला कमी उष्णता पण जास्त वेळ दिली जाते, आणि एवढ्यावर पूर्ण रंगीत फोटो तयार होतो. कागद मात्र दोन इंच बाय तीन इंच, म्हणजे साधारण पाच बाय साडेसात सेंटिमीटर. नव्या पाकिटात जो निळा कागद येतो, तो फेकून न देता पाकिटावर दाखवल्याप्रमाणे फोटोच्या कागदांसोबत घालावा, कारण त्याच्यावरूनच प्रिंटर रंग जुळवून घेतो. मी पहिल्या दिवशी तो कचऱ्यात टाकला आणि सगळ्यांचे चेहरे लालसर आले.

आत्याच्या पंचाहत्तरीला मी तो वाईला नेला होता. चौदा जणांचा एकत्र फोटो छापून तिच्या हातात दिला, तर ती तो घेऊन खिडकीपाशी गेली, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेका चेहऱ्यावर अंगठा ठेवून “हा कोण?” असे विचारू लागली. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, तो ओळखणार कसा? नंतर मी तिचा आणि माझ्या वडिलांचा, दोघांचाच, खांद्यापासून वरचा फोटो छापला. तो पाहून मात्र तिने काहीच विचारले नाही, पोथी उघडली आणि त्या दिवशीच्या अध्यायात तो ठेवून दिला. म्हणून लहान कागदावर एक किंवा दोनच माणसे छापावीत. फोनचा उभा फोटो लांबीच्या मानाने या कागदापेक्षा थोडा रुंद असतो, तेव्हा कडेचे माणूस अर्धे कापले जात नाही ना, हेही आधी पाहावे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आधीच आकसलेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फोटो मागून घ्यावा.

दुसरा प्रकार फुजीफिल्मच्या ‘इन्स्टॅक्स’ फिल्मवर छापणाऱ्या यंत्रांचा. त्यात प्रिंटर फिल्मवर प्रकाश पाडतो, कोरी फिल्म बाहेर येते आणि दीडेक मिनिटात चित्र उमटते. ते उमटताना पाहण्यात मुलांना फार आनंद होतो, पण ‘मिनी’ फिल्मवर प्रत्यक्ष चित्र जेमतेम 62 बाय 46 मिलिमीटरचे असते. आजीच्या डोळ्यांसाठी ते मी सुचवणार नाही.

आपल्या कामाचा मला तिसरा प्रकार वाटतो, तो म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात उतरवणारा प्रिंटर. कॅननचा ‘सेल्फी’ (Selphy) हे त्याचे परिचित उदाहरण. कागद चार वेळा आतबाहेर होतो: आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळसर, आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. फोटो पोस्टकार्डाएवढा, 100 बाय 148 मिलिमीटरचा येतो, चेहरे स्पष्ट दिसतात. हा प्रिंटर मात्र खिशात मावत नाही, पिशवीत न्यावा लागतो. वेगळी बॅटरी घेतली नसेल तर विजेचा प्लग लागतो. आणि कागद मागच्या बाजूनेही बाहेर येत असल्याने भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही: वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची छाया राहते, म्हणून घरातले खासगी फोटो छापले असतील तर ती रिबन कापूनच टाकावी.

खर्चाचा हिशेब यंत्राच्या किमतीवर करू नये. एका फोटोमागे कागदाला किती पडतात ते काढावे, आणि तो कागद आपल्या गावी किंवा ऑनलाइन सहज मिळतो का ते खरेदीआधी तपासावे. सत्तर-ऐंशी फोटो एकदम हवे असतील, तर जवळच्या स्टुडिओतून छापून घेणे मला आजही स्वस्त पडते.

झिंकच घेतलात, तर फोटो उन्हापासून दूर ठेवा. आत्याकडे खिडकीसमोरच्या कपाटावर चिकटवलेला फोटो वर्षभरात फिका पडला, पोथीतला अजून तसाच आहे. त्या कागदाच्या पाठीला बहुधा सोलून काढायचे आवरण असते. त्यावर नाव-तारीख लिहिली आणि कोणी फोटो चिकटवायला आवरण सोलले, तर लिहिलेलेही जाते. मी आता फोनमध्येच फोटोच्या खालच्या कडेला ठळक अक्षरांत नावे घालतो आणि मग छापतो.