घरच्या इंटरनेटवर सरकारी सवलत: गोव्यात आज काय आहे आणि काय होऊ शकते

आपला प्रश्न असा आहे की, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका कुटुंबात आईला गृह आधारचे (राज्य सरकारच्या गृहिणींसाठीच्या मासिक साहाय्याचे) पैसे मिळतात, दोन मुले शिकत आहेत, आणि अमेरिकेत अशा घरांच्या इंटरनेट बिलात सरकार सूट देत असे, हे आपण ऐकले आहे. तशी सवलत येथे कोणत्या कार्यालयात मागावी? महिन्याचे बिल कमी करून देणारी केंद्र सरकारची योजना आज नाही, त्यामुळे अर्ज घेऊन जावे असे कार्यालयही नाही. (‘सरकारी मोफत वायफाय’च्या नावाने आधार क्रमांक आणि ओटीपी मागणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आले, तर ते सरळ काढून टाकावेत.)

आपण ऐकले ते ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम’विषयी. २०२१च्या अखेरीस सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला महिन्याला ३० डॉलरपर्यंत, तर तेथील आदिवासी भूभागांत ७५ डॉलरपर्यंत सूट होती. ती ग्राहकाच्या हाती न देता कंपनी बिलातूनच वजा करी आणि मग सरकारकडून भरून घेई. तिच्यातील मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पात्रतेची पद्धत. ज्या घराला अन्नसाहाय्य किंवा गरिबांसाठीचे सरकारी आरोग्यसाहाय्य आधीच मिळत होते, ते तेवढ्यावरच पात्र ठरत असे. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे तिच्यात आली. मात्र अमेरिकी संसदेने तिच्यासाठी १४२० कोटी डॉलर एकरकमी दिले होते. ते संपत आले तशी फेब्रुवारी २०२४मध्ये नवी नोंदणी थांबली आणि १ जून २०२४पासून योजनाच बंद पडली. उलट १९८५पासून चालत आलेली ‘लाइफलाइन’ ही महिन्याला ९.२५ डॉलरची छोटी सवलत त्यानंतरही टिकून राहिली, कारण तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या अंशदानातून उभ्या राहणाऱ्या कायम निधीतून येतो. सवलत किती, याआधी पैसा कोठून येणार हे विचारावे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

असा निधी आपल्याकडेही आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलावरील (ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नावरील) ५ टक्के आकारणीतून २००२पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी चालला, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळाले. पण हा पैसा मुख्यतः भारतनेट या केंद्राच्या ग्रामीण इंटरनेट प्रकल्पाची फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात आणि टॉवर उभारण्यात गेला. घरात जोडणी आल्यानंतरचे महिन्याचे बिल ज्याचे त्यानेच पाहायचे. २०२४च्या नियमांत मात्र महिला, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा उल्लेख आला आहे, त्यामुळे उद्या कोणी बिलावरील सवलतीचा प्रस्ताव मांडला तर त्याला नियमांतला आधार दाखवता येईल. केरळने २०२३मध्ये स्वतःचे ‘के-फोन’ हे इंटरनेट जाळे सुरू करताना गरीब कुटुंबांना मोफत जोडण्या देण्याचे ठरवले, आणि पहिल्या टप्प्यात प्रत्येक मतदारसंघातून १०० घरे घेतली. दूरसंचार हा केंद्राचा विषय असल्याने राज्य कंपन्यांचे दर ठरवू शकत नाही. स्वतःचे जाळे किंवा स्वतःचा पैसा, एवढेच त्याच्या हाती उरते.

आता आपल्या सत्तरीतील घराचा हिशेब मांडू. ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन धरला, तर १८ टक्के जीएसटीसह तो ४७१ रुपयांना पडतो, म्हणजे गृह आधारच्या महिन्याच्या १५०० रुपयांचा जवळजवळ तिसरा हिस्सा. अशी घरे मग मोबाइलच्या रिचार्जवरच भागवतात. संध्याकाळी धाकट्याचा डेटा संपला की थोरलीचा हॉटस्पॉट, आणि तिचाही संपला की वही मिटायची. सरकारने तिजोरीतून एक रुपयाही न देता केवळ सर्वांत स्वस्त प्लॅनवरचा कर सोडला, तरी महिन्याला ७२ रुपये वाचतील, आणि हे कोणी मागत का नाही याचे मला नवल वाटते. मात्र २०२०च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्याची मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, तेव्हाची अडचण पैशांची नव्हती. जेथे लाइनच पोहोचलेली नाही, तेथे बिलावरील सवलत कागदावरच राहील.

गोव्याने अशी योजना आखलीच, तर लाभार्थी नव्याने शोधू नयेत. गृह आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा (राज्याची ज्येष्ठ, विधवा व दिव्यांगांसाठीची मासिक साहाय्य योजना) आणि अंत्योदय रेशनकार्ड यांच्या याद्या तयारच आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत घालवलेला दिवस म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची बुडालेली मजुरी. शिवाय रोख रकमेपेक्षा बिलातूनच वजावट मला योग्य वाटते, कारण रोख रक्कम गॅस सिलिंडरकडे वळते, आणि त्यात त्या घराची काहीच चूक नाही.

तोपर्यंत वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून बीएसएनएलच्या किंवा स्थानिक केबलवाल्याच्या माणसाला बोलवावे. एका घरासाठी तो लाइन ओढायला नाखूश असतो. पाच घरांसाठी बहुधा येतो. जोडणीचा खर्च, राउटरची अनामत आणि ती परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी, आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरण्याची सक्ती मान्य करू नये. तार भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवरून जाणार असेल, तर त्याची संमती आधीच लेखी घ्यावी, नाही तर पावसाच्या तोंडावर काम अडते.