पगार कमी, देणी जास्त : आधी कुणाचे पैसे द्यायचे?

सगळ्यांना पुरतील एवढे पैसेच नाहीत, मग आधी कुणाचे द्यायचे, हे विचारायला माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी येतंच. मागे भोसरीच्या एक ताई आल्या होत्या (ओळख बदललीये). मिस्टर चाकणला कंत्राटी कामावर, ओव्हरटाइम बंद झाला आणि घरात येणारे ३४ हजार डायरेक्ट २३ वर आले. भाडं, बाईकचा हप्ता, मुलीची फी, किराण्याची उधारी, क्रेडिट कार्ड आणि वरून मोबाईलवरच्या ॲपचं कर्ज.

पिशवीतून कागद काढून मांडले तर लाईट बिल थकलेलं, घरमालकाला निम्मंच भाडं, आणि ॲपचे हप्ते मात्र सगळे वेळेवर. असं का विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, तो दिवसभर फोन करतो, जावेला सांगीन म्हणतो. घरमालक बिचारे काही बोलत नाहीत."

इथंच बहुतेक जण अडकतात बघा, जो जास्त ओरडेल त्याला आधी पैसे. मी म्हटलं, फोन बाजूला ठेवा आणि प्रत्येक कागदावर लिहा, हे या महिन्यात नाही भरलं तर घरातून काय जाईल. भाडं थकलं तर डोक्यावरचं छप्पर. लाईट कापली तर मुलीचा अभ्यास आणि पाण्याची मोटर दोन्ही बंद. बाईकचा हप्ता एरवी मी खाली टाकला असता पण त्याच बाईकवर मिस्टर कामाला जातात, ती ओढून नेली तर पगारच बुडेल, म्हणून तो वर. कार्ड आणि ॲपकडे काही गहाण नाही, त्यांचं थकलं की व्याज चढतं, सिबिल (कर्ज फेडण्याचा स्कोअर) पडतं, हे नुकसान मी लपवत नाही, पण चूल पेटती राहते.

त्यांना खरी भीती पोलिसांची होती. नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही, दिलेला चेक बाउन्स झाला तर मात्र केस होऊ शकते, म्हणून खात्यात पैसे नसताना चेक देऊ नका. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि लाईट तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, २००३ च्या वीज कायद्यात आहे ते, तेवढ्या वेळात ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मागा.

मग पासबुक बघितलं. बाईकचा हप्ता ५ तारखेला, पगार ७ ला! दर वेळी हप्ता बाउन्स, बँकेने कापलेले ५९०, फायनान्सवाल्याचा दंड वेगळा. दोन दिवसांच्या फरकापायी एवढे पैसे जात होते, मला फार वाईट वाटलं. अर्ज करून तारीख १० करून घेतली. किराणा पण कार्डवर चालू होता, तो थांबवायला सांगितला, कारण मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

ॲपवाल्यांना फोनवर कबूल काही करू नका, किती जमेल आणि कधीपासून ते मेलवर लिहून पाठवा असं म्हटलं, तो मेल आम्ही तिथंच बसून लिहिला. यातलं निम्मं मिस्टरांना माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी दोघं या म्हटलं, आणि आले दोघं.