विसरण म्हणजे विसरणं नव्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आजींचा प्रश्न आलाय. नातू नववीत आहे, गुजराती माध्यमात. त्याच्या पुस्तकात डिफ्यूजनला, म्हणजे पदार्थाचे रेणू आपसूक पसरत जाण्याला, ‘प्रसरण’ म्हटलंय. पुण्याच्या भाचीकडे मराठी पुस्तक आहे, त्यात त्यालाच ‘विसरण’ म्हणतात. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात, दोन्ही सोडा, ‘अभिसरण’ म्हणा. खरं कुठलं? शिवाय ‘विसरण’ ऐकलं की नातू खिदळतो, “आजी, हे तर तुझंच!”

मास्तरांचं आधी उरकतो. अभिसरण म्हणजे कन्व्हेक्शन. पातेल्यातलं तापलेलं पाणी वर येतं, वरचं खाली जातं. अख्खं पाणीच फिरतं आणि पोटात जे असेल ते बरोबर फिरवतं. विसरणात असा प्रवाह लागत नाही. रेणू एकमेकांना धक्के देत, धक्के खात जागा बदलतात, बस. या दोहोंची गल्लत ऐकून माझे कान किटलेत. समईपूजन झालं की निवेदिका हमखास म्हणते, “उदबत्तीच्या सुगंधाचं सभागृहात विसरण झालं आहे.” बाई, वर सहा पंखे गरगरताहेत! निव्वळ विसरणावर सोडलं असतं तर तो वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला दिवस मोजावे लागले असते. शाळेतलं अत्तराच्या बाटलीचं लाडकं उदाहरणही याच जातीचं. त्यातलं बहुतेक काम खोलीतल्या हवेच्या झुळका करतात.

आता मुद्द्याचं. ‘विसरण’ आणि ‘विसरणं’ यांचा काडीचाही संबंध नाही. विसरणं आलं ‘वि + स्मृ’ मधून: विस्मरति, प्राकृतात वीसरइ, मराठीत विसरतो. मधला ‘म’ प्राकृतातच गळाला. विसरण मात्र ‘वि + सृ’ मधलं. सृ म्हणजे सरकणं, वाहणं. हा धातू आपल्या घरात इतका मुरलाय की ओळखूच येत नाही. पूर ओसरतो, चादर पसरतो, आपण कुणाला अनुसरतो, डब्यातलं पीठ सरतं, आणि एवढं करून जो उरतो तो संसार, तोही सृचाच.

पण या धातूचं खरं रत्न म्हणजे मासा! पाणिनीचं ‘सृ स्थिरे’ असं एक सूत्र आहे: टिकून राहणाऱ्या गोष्टीसाठी सृपासून ‘सार’ होतो. त्यावरचं वार्तिक, म्हणजे पुरवणी टीप, सांगतं की हा ‘सार’ आणखी तीन अर्थांनी होतो, ‘व्याधिमत्स्यबलेषु’. व्याधी म्हणजे अतीसार, बळ म्हणजे सार, आणि मत्स्य म्हणजे विसार. जुलाब, ताकद आणि मासा एका रांगेत! पाणिनी तेवढ्यावर थांबत नाही. ‘विसारिणो मत्स्ये’ असं वेगळं सूत्र करून तो माशासाठी ‘वैसारिण’ हा शब्द सिद्ध करतो. अमरकोशातही माशाच्या नावांत विसार आणि वैसारिण दोन्ही आहेत.

आमच्या मित्रमंडळातले एक संस्कृतज्ञ यावर नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, पारिभाषिक शब्द समितीत बसून बनवतात, त्यात मासे शोधू नयेत. ‘प्र’ काय नि ‘वि’ काय, दोन्हीचा अर्थ पसरणंच. मला हे साफ अमान्य आहे. ‘प्र’ म्हणजे पुढे. ‘वि’ म्हणजे वेगवेगळीकडे. सुरसागरच्या काठावर उभं राहून लाह्या टाका आणि मासा बघा: इकडे झेप, तिकडे वळण, पुन्हा मागे. रेणूची चाल तशीच. (मासा स्वतःच्या मनाने वळतो आणि रेणू धक्क्याने, एवढा फरक मी मोकळ्या मनाने सोडून देतो.) पंडित म्हणाले, मग फिकचा नियम काय सांगतो? पदार्थ दाटीकडून विरळाकडेच जातो ना? म्हणजे दिशा आली, म्हणजे प्रसरणच! अहो, तीच तर गंमत आहे. १८५५ साली अ‍ॅडॉल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडलेली दिशा गर्दीची आहे, एकेका रेणूची नाही. रेणूला कुठे दाटी नि कुठे विरळ याचा पत्ताच नसतो. दाटीत रेणू जास्त, म्हणून तिथून बाहेर पडणारेही जास्त, इतकंच.

अशा भरकटणाऱ्या चालीचा हिशोबही तिरपागडा. अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट. न ढवळलेल्या, अगदी निवांत पाण्यात साखरेला एक मिलिमीटर सरकायला साधारण १७ मिनिटं लागतात. एक सेंटिमीटरला दिवसाहून जास्त. पाच सेंटिमीटरला महिना. न ढवळलेल्या चहाचा शेवटचा घोट गोड का लागतो, ते कळलं? हवेत हेच काम हजारो पट वेगाने होतं. घन पदार्थात मात्र रडतखडत. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, केस हार्डनिंग (लोखंडाचा वरचा थर कडक करणं) करणाऱ्या कुणालाही विचारा. लोखंड ९०० अंशांच्या वर तासन्‌तास तापवत ठेवावं, तेव्हा कुठे कार्बन जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतो. या साऱ्या प्रकाराला, म्हणजे मास ट्रान्सफरला, कुणी ‘वस्तुमान हस्तांतरण’ लिहिलेलंही मी वाचलंय. हस्तांतरण सातबाऱ्यावरच्या जमिनीचं होतं हो! उष्णतेचं संक्रमण म्हणतोच ना आपण? मग वस्तुमानाचंही संक्रमणच म्हणा.

ऑस्मॉसिसला, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी दाट द्रावणाकडे ओढलं जाण्याला, शाळेत ‘परासरण’ म्हणतात, विश्वकोशात ‘तर्षण’. तर्षण तृष्‌पासून, म्हणजे तहानेपासून आलेलं. सृ-पंथी असूनही इथे माझं मत तर्षणाला. आमच्याकडे दर उन्हाळ्यात छुंदा होतो. किसलेल्या कैरीवर साखर घालून बरणीला मलमलीचा दादरा बांधला की संध्याकाळपर्यंत कीस पाण्यावर तरंगतो. साखरेने कैरीचं पाणी ओढून घेतलं, ती तहान. मग आठवडाभर उन्हात साखर किसाच्या आत आत शिरते, ते विसरण. बायको रोज डावाने ढवळते. मी सांगून पाहिलं की ढवळलंस तर ते विसरण राहत नाही. तिने डाव माझ्याच हातात दिला.

हां, नातवाचं राहिलं. गुजराती पेपरात त्याने प्रसरणच लिहावं, गुण त्यालाच मिळतील. मराठीत मात्र प्रसरण हा शब्द आधीच अडकलाय: उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ लांबतात, ते प्रसरण. पुण्याच्या भाचीसमोर बोलताना तेवढं सांभाळावं, नाहीतर साखर चहात विरघळायची सोडून फुगत बसेल.