मराठी नावांचा गिचमिडा

प्रश्न : सभासदांची मराठी यादी सीएसव्ही फाइलमध्ये आली. एक्सेलमध्ये उघडली की नावांऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : फाइल शाबूत आहे. यूटीएफ-८ म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारा अक्षरसंकेत. डबल क्लिक केल्यावर एक्सेल यूटीएफ-८ मजकूर जुन्या रोमन संकेतानं वाचतं, म्हणून घोळ. कोरी शीट उघडा, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ (म्हणजेच यूटीएफ-८) निवडा. सभासद क्रमांक ००७ असेल तर ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये तो रकाना ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर नुसता ७ उरतो.

जपायचं ते सेव्ह करताना. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’च निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, ती परत फिरत नाहीत. या कामाला लिब्रेऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखंच मोफत सॉफ्टवेअर आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं : उघडतानाच ते संकेत विचारतं.