मायक्रोॲरे: व्यूह, सरणी की फुली?

वणीकडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: कपाशीच्या संशोधनावर मुलांसाठी लिहिताना ‘मायक्रोॲरे’ला, म्हणजे जनुकांच्या तुकड्यांचे ठिपके उभ्या-आडव्या ओळींत बसवलेल्या काचपट्टीला, सूक्ष्मव्यूह म्हणावं की सूक्ष्मसरणी? आणि ‘गुणसूत्र-चिप’ चालेल का?

शेवटचं मुळीच चालणार नाही. बीटी बियाण्यात ‘गुणसूत्र घातलंय’ हे कृषी केंद्राच्या काउंटरपासून सभेतल्या भाषणापर्यंत ऐकून कान किटले. घातलं ते जनुक, गुणसूत्रावरचा एक छोटासा तुकडा! अमेरिकन कपाशीच्या पेशीत गुणसूत्रं 52, जनुकं हजारोंनी. काचपट्टीवर तपासतात ती जनुकं.

‘व्यूह’वाल्यांचा आधार असा की इंग्रजी ‘ॲरे’लाही सैन्याच्या मांडणीचा अर्थ आहे. असेना. व्यूह शत्रूला कोड्यात टाकायला रचतात. इथे कोणत्या जागी कोणत्या जनुकाचा तुकडा बसवलाय हे आधीच ठाऊक असतं, सगळी मदार त्यावरच. सरणीत नुसती ओळ आहे, उभं-आडवं नाही. शिवाय आमच्याकडे सरणी म्हटलं की आधी सरण आठवतं.

नेमका शब्द वावरात पडलाय: फुली. उभ्या-आडव्या काकऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे सरकी टोबायची. ‘फुलीवरच टाक वं, दोन-दोन!’ अशा चौफुलीत डवरा, म्हणजे कोळपणीचं औत, दोन्हीकडून चालतो, कारण प्रत्येक झाडाची जागा ठरलेली.

आणि या शब्दाचं कूळ पाहा. फुली ही फुलाची लेक, हे माझं ठाम मत. फूल आलं ‘फुल्ल’वरून, आणि ‘फुल्ल’ हे रूप पाणिनीच्या व्याकरणात ‘फल्’ धातूचं, म्हणजे फुटणं, उकलणं. बोंड फुटतं तेच! काचपट्टीवरही हेच घडतं. निरोगी आणि रोगट झाडांतल्या आरएनएच्या, म्हणजे जाग्या जनुकांवरून पेशीत उतरलेल्या नकलेच्या, प्रती करून एकीला हिरवा, दुसरीला लाल रंग जोडतात आणि दोन्ही पट्टीवर सोडतात. जोडीदार तुकडा सापडला की प्रत तिथेच चिकटते. लेझरखाली फुल्या उमलतात: रोगट झाडात जास्त जागं असलेलं जनुक लाल, निरोगी झाडातलं हिरवं, दोन्हीकडे सारखं ते पिवळं. 1995 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपाची 45 जनुकं अशी तपासली होती.

तेव्हा ठिपका ती फुली, अख्खी पट्टी तो जनुकफुलीपट. याला गावठी म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी एकदा जूनमध्ये चौफुलीचं वावर बघून यावं. बाईंनी पहिल्या उल्लेखाला शेजारी ‘मायक्रोॲरे’ही लिहावं, मुलांना कॉलेजात तोच शब्द भेटेल.