पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन झालास तर

आधी सेटिंग बघ. नवीन सदस्य मंजुरीनेच आत येतील असं ठेव, लिंक बाहेर फिरू लागली की रीसेट कर. अ‍ॅडमिन तीन तरी हवेत.

खरा घोळ जागेवरून होतो. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर बदकं दिसली, खुशाल लिहू दे की. पण नान्नजच्या अभयारण्याच्या माळावर माळढोक, म्हणजे तो दुर्मिळ मोठा पक्षी, दिसला किंवा कुठंही घरटं सापडलं, तर जागा ग्रुपवर नाही म्हणजे नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. चार गाड्या पोचल्या की ती उठते आणि अंडं उन्हात पडतं. असा मेसेज दिसला की स्क्रीनशॉट घे, सर्वांसाठी डिलीट कर, मग त्या सदस्याला खासगीत कारण सांग. ग्रुपवर वाद घातलास तर जागा दहा जणांनी वाचलेली असते. फोटो डॉक्युमेंट म्हणून टाकला तर त्यात जीपीएसची नोंद तशीच राहते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या चुकीला खासगी समज, दुसरीला ग्रुपवर नाव घेऊन, तिसरीला बाहेर. घरट्यापाशी आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावणाऱ्याला मात्र पायऱ्या नाहीत, थेट बाहेर.

सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टला, समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. पण सदस्य तुलाच विचारणार.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे व्हिडिओ येतातच. तेवढे चार दिवस सोडून दे.